रांजणाचं झाकण

"पण मग लोकांना ते सापडत का नाही, बुवा?"

हेमांगीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. सोमपुरीबुवा मठाच्या ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय सापडत नाही?"

"चॅनेल. मोबाईलवर मी व्हिडिओ टाकते ना, ते."

"हरवलंय होय?"

"हरवलं नाही हो. आहे तिथंच आहे. पण शोधणाऱ्याला दिसत नाही."

"मग हरवलंच की."

हेमांगीनं ओठ चावला. तीनशे पायऱ्या चढून ती काही थट्टा ऐकायला आली नव्हती.

तिचे वडील वामनराव अर्धांगानं चार वर्षं बिछान्याला खिळले होते. लेक एकटीच सगळं करत होती आणि करता करता शिकत होती. माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, तो झोपलेला असतानाच खालची चादर कशी बदलायची, भरवताना मान किती उचलायची. पण हे तिला उशिरा उमगलं. तोवर वडिलांच्या पाठीला जखम झाली होती, आणि ती शेवटपर्यंत भरली नाही.

वडील गेले. दुसऱ्या कुणाच्या बापाची पाठ अशी जाऊ द्यायची नाही, असं हेमांगीनं ठरवलं. शेजारच्या काकूंना रोगी करून पलंगावर निजवलं आणि एकामागून एक व्हिडिओ केले.

"नऊ महिने झाले, बुवा. चोवीस व्हिडिओ. शेवटचा एकोणीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या अकरा वेळा मीच."

"आणि उरलेल्या आठ वेळा?"

"आत्यानं."

बुवा हसले. समोरचे दोन दात नसल्यामुळे त्यांचं हसू लहान मुलासारखं दिसे. हेमांगी हसली नाही.

"टोपी घातलेलं मांजर लाखो लोक बघतात. आणि हे... जाऊ दे. येत्या अमावास्येला बंद करून टाकते. बाबा तुम्हाला सांगितल्याशिवाय काही करत नसत, म्हणून सांगायला आले."

शेंगा फोडणारे हात थांबले.

"नाव काय ठेवलंयस?"

हेमांगी ताठ बसली. शाळेपासून वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस तिनं कुणाला घेऊ दिलं नव्हतं.

"कैलासवासी वामनराव सातपुते स्मृती आरोग्यसेवा ज्ञानमाला."

"बरं. आणि आतल्या एकेका व्हिडिओचं?"

"पुष्प पहिले, पुष्प दुसरे... व्याख्यानमालेत असतं ना, तसं."

"पुष्पात काय काय असतं?"

"आधी बाबांच्या फोटोला हार. मग प्रास्ताविक. मग ऋणनिर्देश. मग मूळ विषय."

"मूळ विषय कधी येतो?"

"सहाव्या मिनिटाला," हेमांगी म्हणाली. आवाज जरासा उतरला होता.

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ घोळवला.

"येताना पाणी प्यायलीस?"

"प्यायले. दुसऱ्या वळणावरच्या पाणपोईवर."

"तिथल्या पाटीवर काय लिहिलंय?"

"पाणी. एवढंच. कोळशानं."

"कुणाची पाणपोई ती?"

हेमांगीनं आठवून पाहिलं. लहानपणापासून ती तिथलं पाणी पीत आली होती.

"कुणाची...? कधी मनातच आलं नाही."

"चल," बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. "रांजण भरायचाय."

मठामागच्या टाक्यातून तिनं घागर भरून कमरेवर घेतली. बुवांनी एका हातात छोटी कळशी घेतली, दुसऱ्या हातात काठी. दोघं हळूहळू पायऱ्या उतरले.

दुसऱ्या वळणावर चढण सगळ्यांत उभी होती. सावली तिथंच संपे. दगडी कट्ट्यात अर्धा पुरलेला रांजण होता, आणि त्याच्यावर लाकडाचं जाड झाकण.

हेमांगीनं घागर खाली ठेवली. झाकण उचललं, कडेला उभं करायला फिरवलं... आणि तिचे हात तसेच राहिले.

झाकणाच्या आतल्या बाजूला अक्षरं होती. कधीकाळी पिवळ्या रंगात रंगवलेली. ओलाव्यानं फुगली होती, तरी वाचता येत होती.

'श्री सद्गुरू धर्मपुरी महाराज यांच्या पुण्यस्मरणार्थ.'

"बुवा! हे तर तुमचे गुरू!"

"हो."

"त्यांच्या नावाच्या पाटीचं झाकण केलंत तुम्ही?"

"मापाचं होतं," बुवा म्हणाले. "कोपरे तेवढे तासावे लागले."

बुवा पायरीवर टेकले.

"महाराज गेले तेव्हा पाणपोई घातली. खाली, पहिल्या पायरीपाशी. तालुक्याहून पेंटर आणला. हातभर अक्षरं, भोवतीनं वेलबुट्टी. कशी दिसायची म्हणतेस!"

"मग?"

"मग लोक यायचे. चपला काढायचे. पाटीला नमस्कार करायचे, रांजणावर फुलं वाहायचे... आणि तहानलेलेच वर जायचे."

"समाधी वाटायची त्यांना?"

"एकानं तर नारळ फोडला. रांजणाच्या काठावर."

"मग हो?"

"नारळ नाही फुटला."

आता मात्र हेमांगीला हसू आवरेना. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पुसलेले डोळे पुन्हा भरून आले.

"त्यानंतर महिनाभर मी रोज पायऱ्या चढायचो," बुवा म्हणाले. "पाणी न पिता. घसा कुठं कोरडा पडतो ते बघत."

त्यांनी हातातली काठी जमिनीवर टेकवली.

"इथं."

एवढ्यात खालून एक बाई धापा टाकत आली. खांद्यावर झोपलेलं मूल. 'पाणी' एवढं तिनं वाचलं, किंवा नुसता रांजणच पाहिला असेल. दोन तांबे घटाघटा प्यायली. ओल्या बोटांनी मुलाचे ओठ पुसले. या दोघांकडे तिनं धड पाहिलंही नाही.

"ज्यानं कुणी ठेवलं त्याचं भलं होवो गं बाई," ती आपल्याशीच म्हणाली आणि वर चालू लागली.

बुवांचे डोळे मिटलेले होते. हात जोडलेले.

"पोचलं," ते पुटपुटले.

...

हेमांगीनं घागर रांजणात ओतली.

"पोरी," बुवांनी अगदी हळू विचारलं, "वामनरावांच्या पाठीची कातडी पहिल्यांदा निघाली, त्या दिवशी तू मोबाईलला काय विचारलं होतंस?"

हेमांगीला ती दुपार आठवली. एका हातानं वडिलांना कुशीवर धरून ठेवलेलं. दुसऱ्या हाताचा अंगठा अक्षरं शोधतोय. आणि वडील भिंतीकडं तोंड करून विचारताहेत, 'फार झालंय का गं?'

"'वडिलांची पाठ सोलली आहे, काय करू?'" ती म्हणाली.

"आणि काय सापडलं?"

"गाद्यांच्या जाहिराती."



हेमांगी पायरीवर बसली. तिनं मोबाईल काढला. वळणावर रेंज जेमतेम होती. 'पुष्प पहिले' तिनं एकेक अक्षर करत पुसलं आणि त्या जागी त्या दुपारचा प्रश्न लिहिला. जसाच्या तसा. त्याला ना अलंकार होता, ना वजन. कुठल्याच स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं नसतं.

मग हार काढला. प्रास्ताविक काढलं. ऋणनिर्देशही काढला. आता व्हिडिओ उघडला की पहिल्याच क्षणी तिचे दोन हात दिसत होते, काकूंच्या पाठीखाली अलगद सरकणारे.

आता वरचं नाव तेवढं राहिलं होतं.

अंगठा तिथं गेला आणि थांबला. 'वामनराव' ही पाच अक्षरं पडद्यावर उजळलेली होती. वडिलांचं घड्याळ तिनं भावाला दिलं होतं, कपडे वाटून टाकले होते, पलंग परत केला होता. नाव तेवढं तिच्यापाशी उरलं होतं.

"बुवा..." ती म्हणाली. "आणि बाबा?"

बुवांनी कळशी उचलली. धार मोडली नाही. रांजण काठोकाठ भरला. पाणी हललं, डचमळलं, मग हळूहळू निवांत झालं.

त्यांनी कट्ट्याला टेकवून ठेवलेल्या झाकणाकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"झाकण ठेव, पोरी," ते म्हणाले. "अक्षरं पाण्याकडं करून."