गिरकी आणि आबा वारे

यंत्रं आपापसांत मनमोकळं बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका टर्बाइनच्या मागे रुंदावत जाणारा कर्णा होता. सुसाट निघालेले वारे त्यात संथ होत, तेव्हा टर्बाइनला मोकळा श्वास मिळे.

कर्ण्याच्या मधोमध ऐटीत धावायचे म्होरके आबा वारे. टर्बाइनच्या पात्यांच्या टोकाशी जन्मलेली वाऱ्याची छोटी भोवरी, गिरकी, मात्र भिंतीलगत नाचत जाई.

"घरंदाज वारा सरळ चालतो," म्हणत आबांनी तिला एका फटीत कोंडलं.

झालं! भिंतीला घासत जाणारे वारे गिरकीवाचून दमले, भिंत सोडून उलटे फिरले आणि वाट तुंबली.

"शिस्त पाळा!" आबा ओरडले. कुणी हललं नाही.

टर्बाइन धापा टाकत म्हणाली, "आबा, मी बंद पडले तर तुम्ही तरी कुठून वाहणार?"

नाइलाजाने आबांनी फट उघडली. गिरकी आली ती नाचतच. आबांचं उपरणं ओढून तिने त्यांचा थोडा वेग काढून घेतला आणि दमलेल्यांना वाटला. ते पुन्हा भिंत धरून निघाले. टर्बाइनने मोकळा श्वास घेतला.

"माझा वेग पळवलास, कार्टे!"

"आबा, सरळच चालायचंय ना? मग एवढी घाई कशाला?" म्हणत गिरकीने त्यांनाच एक गिरकी घ्यायला लावली.