पाटाने घेतलेली नावं

फार वर्षं झाली, आपल्या खापरपणजीच्याही आधीची गोष्ट. समुद्राकाठच्या उंडवाडीत येसूआत्या साबण करायची. केळीच्या खुंटांची राख दगडी कुंडीत भरायची, वरून पाणी ओतायची, झिरपलेल्या खारपाण्यात उंडीच्या बियांचं तेल घोटायची. वड्या चाळीस दिवस फळीवर निजवायची. तिच्या साबणाने जुनी खरूजही पळायची, असं म्हणतात.

एका वर्षी सगळ्या गावाला खरूज लागली. कुणाला झोप नाही, बसल्या जागी चैन नाही. रोज दारात माणसं.

"आत्या, चाळीस दिवस कसले मोजतेस? तोवर आमची सालटी निघतील!"

"कच्च्या साबणाने आधी निघतील," आत्या म्हणायची.

सून मंजुळा मात्र कळवळली. गलबतावरच्या व्यापाऱ्याकडून तिने झटपट साबण करायला खाराचे पांढरे खडे घेतले, कुंडीत टाकले आणि राखेवर ओततात तसं त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. कुंडी भसकन उसळली. उकळता खार तिच्या दोन्ही हातांवर उडाला.

"आत्याबाई, जळले हो!"

कुणी हळद आणली, कुणी तेल, कुणी चिंचेचा कोळ. आत्याने सगळ्यांना दूर सारलं. सुनेला ओढत वाहत्या पाटाशी नेलं, बांगड्या उतरवल्या आणि हात धारेखाली धरले.

"काढू का आता?"

"देवाची हजार नावं होईपर्यंत नाही."

आत्याला पाठ होती चोवीसच. ती संपली. मंजुळा हात ओढू लागली, काठावर लोकांची चुळबुळ सुरू झाली. "अगं लेप लाव, पोरीचे हात जातील!" आत्याचे डोळे भरले, पण पकड सुटली नाही. तेव्हा पाटच पुढची नावं घेऊ लागला, असं म्हणतात. हजारावं नाव झालं तेव्हा हात लालबुंद होते, पण दहाही बोटं हलत होती. फळीवरच्या वड्यांचे चाळीस दिवस भरले, तेव्हा मंजुळेने त्याच हातांनी त्या घरोघर वाटल्या.

आजही उंडवाडीत साबणाला वाहत्या पाण्याजवळच बसतात. पोरंबाळं लांब. कुंडीत आधी पाणी, मग चिमूट चिमूट खार. हल्ली हातमोजे आणि चष्माही आलाय. वड्या फळीवर गेल्या की येसूआत्याच्या नावाने दिवा लागतो. आणि एखादी विसाव्याच दिवशी वडीला हात घालू लागली, तर घरातली म्हातारी विचारते, "पाटाची नावं ऐकून आलीस का गं?"

मग वडी फळीवरच ठेवून ती पाटाकाठी जाऊन बसते.