डोंगरावर सोडलेला जावई

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव त्याचं सिदू. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही, एवढाच काय तो त्याच्यात दोष.

त्याचे सासरे येसबा अण्णा. चाळीस वर्षं त्यांनी गावची गुरं डोंगरावर चारली. मग गुडघे धरले, काम सुटलं, आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. बोलणं नाही, जेवणं नाही. ताटातली भाकरी तशीच परत यायची. ते बघून त्यांच्या लेकीच्या, हौसाच्या, घशाखालीही घास उतरेना.

वैद्यबुवांनी नाडी बघितली. "रोग काही नाही. माणूस मनातनं खचलाय. ह्यांना रोज डोंगरावरची हवा लागू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदू घागर घेऊन डोंगरावर गेला. वाऱ्याकडे तोंड करून घागर धरली, भरली असं वाटल्यावर फडकं बांधलं, आणि घरी येऊन अण्णांच्या डोक्यावर उपडी केली. हवेबरोबर दोन नाकतोडे आले होते, ते अण्णांच्या सदऱ्यात शिरले. अण्णा जागच्या जागी नाचले. पण जावयाला बोलायची रीत नाही, म्हणून पुन्हा भिंतीकडे वळले.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, हवा कुणी घरी आणतं का? माणसाला वर न्यायचं. हात धरून न्यायचं. दर दहा पावलांवर बसवायचं, घोटभर पाणी पाजायचं, मग पुढं."

"असं होय. आधी सांगायचंस."

सिदूनं अण्णांना हात धरून नेलं. दहा पावलं, बसा. घोटभर पाणी. दहा पावलं, बसा. अर्ध्या वाटेवर त्यानं रिकामा तांब्या एका झाडावर ठणाठणा आपटला, आत मुंगी होती म्हणून. झाडाला आग्या मोहोळ होतं. माशा उठल्या. अण्णाही उठले आणि दुखरे गुडघे विसरून पळाले. सिदू मागनं मोजत होता. दहा झाली तशी त्यानं अण्णांना गाठलं आणि खांदे दाबून खाली बसवलं.

"बसा अण्णा. पाणी संपलंय, पण बसा."

दोघं सुजलेल्या तोंडांनी घरी आले तेव्हा हौसानं आवाजावरनं ओळखलं कोण कुठला ते.

सुजेवर ओली माती लावत ती म्हणाली, "अहो, अशा वेळी बसतात का? डोक्यावरनं घोंगडी टाकायची, माणसाला उचलायचं, आणि मागं न बघता घर गाठायचं."

"असं होय. आधी सांगायचंस."

सूज उतरल्यावर पुन्हा निघाले. वरच्या पठारावरनं हाक आली, "येसबाऽ, अरं जिता हाईस का?" मायाप्पा धनगर होता. अण्णांचा गुरांमागचा जुना सोबती. हात पसरून पळत येत होता. महिन्याभरात पहिल्यांदा अण्णांचे ओठ हलले. तेवढ्यात सिदूनं घोंगडी टाकली, अण्णांना खांद्यावर घेतलं आणि जो सुटला तो घरात.

घोंगडीतनं आवाज आला, "अरे, तो मायाप्पा होता."

अण्णा बोलले म्हणून हौसाचे डोळे भरले. मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, ओळखीचं कुणी भेटलं तर हात जोडायचे. घरी जेवायला घेऊन यायचं."

"असं होय. आधी सांगायचंस."

पुढच्या दिवशी मायाप्पा काही दिसला नाही. वानरं दिसली. सिदूला ती रोजच दिसायची, म्हणजे ओळखीचीच. त्यानं हात जोडले. "मंडळी, आज आमच्याकडंच जेवायला." आणि शिदोरी सोडून वाटेवर एकेक तुकडा टाकत निघाला.

चौदा पाहुणे आले. भाकऱ्या संपल्या, वाळत घातलेल्या कुरडया संपल्या, मग ते कौलांकडे वळले. हौसा काठी घेऊन धावली. अण्णा ओट्यावर तोंड झाकून बसले होते, खांदे गदगदत होते. ती घाबरून जवळ गेली. अण्णा हसत होते.

"माझं सांगून संपलं," ती सिदूला म्हणाली. "आता वैद्यबुवांनाच विचारा."

वैद्यबुवा खलात काहीतरी कुटत होते. मान वर न करता म्हणाले, "नुसतं चढून काय उपयोग? ज्याची काळजी लागते ते वर सोडायचं आणि हात हलवत खाली यायचं."

दुसऱ्या दिवशी सिदू हात हलवत खाली आला. एकटाच.

"अण्णा कुठं आहेत?"

"वर सोडले."

"का?"

"तुला त्यांचीच काळजी होती ना?"

हौसा अनवाणी पळत सुटली. धापा टाकत पठारावर पोचली, तर जांभळीखाली अण्णा आणि मायाप्पा बसलेले. अण्णांची दीड भाकरी खाऊन झाली होती, आणि पाटलाची म्हैस कड्यावर कशी अडकली होती, हे अण्णा हातवारे करून सांगत होते.

हौसा मटकन खाली बसली. रडली, हसली, उरलेली अर्धी भाकरी तिनंच खाल्ली. "अण्णा, मला आता तुमची काळजी नाही. आता एक ह्यांचीच उरली." मागनं आलेल्या सिदूकडे तिनं बोट केलं.

सिदूनं मान हलवली आणि एका सपाट दगडावर जाऊन बसला.

ऊन कललं. सगळे निघाले. सिदू हलेना.

"चला की."

"मी कसा येऊ? तुम्ही हात हलवत जा."

ओढून झालं, रागावून झालं. भूक लागली की येईल खाली, असं म्हणून दोघं उतरली. तो काही आला नाही. मायाप्पाच्या पालात निजला, सकाळी पुन्हा दगडावर. आता जावई उपाशी ठेवला तर गावात तोंड कसं दाखवायचं? अण्णा भाकरी बांधून काठी टेकत वर गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. आठवड्यानं काठी घरी राहायला लागली.

महिन्यानं वैद्यबुवांना अण्णा वाटेत भेटले. तोंडावर तजेला, ओठांवर गाणं, काखेत शिदोरी.

"अण्णा, औषध लागू पडलं म्हणायचं. बंद करू नका हं."

"बंद कसं होईल?" अण्णा म्हणाले. "जावई अजून वरच आहे."