नातालीनची पुस्तिका

"आणि मार्गारेटचं नाव का नाही गं यात?"

सिस्टर एडविजांनी चष्मा वर सरकवला. बोट यादीवरच राहिलं.

"कोणती मार्गारेट?" नातालीनने विचारलं.

"कोर्तोनाची."

नातालीनला ती मार्गारेट चांगली ठाऊक होती.

वसईकडच्या एका गावातल्या शाळेत नातालीन गणित शिकवायची. रविवारी मिस्सानंतर चर्चमधल्या मुलींचं मंडळही तीच चालवायची. बारा वर्षांपूर्वी तिने आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. मठात गेली नाही, घरीच राहिली. पण व्रत असं पाळलं की गावात तिच्यासमोर कोणी मोठ्याने हसतसुद्धा नसे.

आता तिने मुलींसाठी शुचितेवर एक पुस्तिका लिहिली होती. संत आग्नेस, संत लुसी, संत आगाथा, संत सिसिलिया. सगळ्या कुमारिका. शेवटी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. सुरुवातीला दोन शब्द सिस्टरांचे हवेत म्हणून ती आज कॉन्व्हेंटच्या ओसरीवर आली होती. सिस्टर ऐंशीच्या पुढच्या. तिला लहानपणी धर्मशिक्षण त्यांनीच दिलं होतं.

"ती लग्नाशिवाय एका पुरुषाबरोबर राहिली, सिस्टर. नऊ वर्षं. मुलगा झाला तिला."

"हो. आणि मग?"

"मग संत झाली. पण ही पुस्तिका मुलींसाठी आहे. चुकीचा अर्थ निघेल."

"कोणता?"

"की आधी काहीही करा, नंतर संत होता येतं."

"होता येतं की," सिस्टर म्हणाल्या, आणि मांडीवरच्या सुपातली वालाची शेंग उचलून सोलू लागल्या.

नातालीनची कानशिलं तापली. ती काही बोलणार, एवढ्यात पायरीवर चपला वाजल्या.

ग्लोरिंडा होती. कडेवर पाच महिन्यांचं मूल. मूल रडून रडून लाल झालेलं.

दीड वर्षापूर्वीपर्यंत ही पोर मंडळात पहिल्या बाकावर बसायची. मग एका मुलाबरोबर निघून गेली, आणि सात महिन्यांनी एकटीच परत आली, पोट घेऊन. नातालीनने त्याच रविवारी वहीतलं तिचं नाव खोडलं होतं. पट्टी लावून, सरळ रेघेत.

"शिवणाच्या वर्गाला आले होते, सिस्टर," ग्लोरिंडा म्हणाली. "पण हा थांबत नाही. भूक लागलीय त्याला."

"मग पाज की."

ग्लोरिंडाने इकडेतिकडे पाहिलं. आत सणाच्या कमिटीची पुरुषमंडळी बसली होती. समोर चर्चच्या भिंतीला रंग लावणारे परांचीवर चढले होते, आणि त्यातले दोघे इकडेच बघत होते.

"नातालीन, ऊठ," सिस्टर म्हणाल्या. "पदर सोड. हिला आडोसा कर."

"मी?"

"माझे गुडघे उभे राहू देतात का मला?"

नातालीन उठली. ग्लोरिंडा बाकावर बसली, तिच्याकडे पाठ करून नातालीन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून धरला. रंगाऱ्यांकडे तिने वर्गात बघते तसं बघितलं. त्यांनी माना वळवल्या.

रडणं थांबलं.

मागून घोट घेतल्याचा आवाज येऊ लागला... मग श्वास... मग पुन्हा घोट. हात भरून आले तरी तिने पदर खाली येऊ दिला नाही. एकदा एक इवलासा पाय तिच्या कमरेवर आपटला. पुन्हा आपटला. आणि तिथेच टेकून राहिला, गरम.

नातालीनने डोळे मिटले. मनातल्या मनात 'मरियेला प्रणाम' ही प्रार्थना म्हणू लागली. अर्ध्यावर शब्द विसरली.

"झालं, टीचर," ग्लोरिंडा हळूच म्हणाली. "थँक्यू."

नातालीन पदर सारखा करत राहिली.

"टीचर... रविवारी मी आले तर चालेल? मागे बसेन. दाराशी."

"बघू."

ग्लोरिंडाने मान हलवली. मूल खांद्यावर टाकून शिवणाच्या खोलीकडे गेली.

सिस्टरांनी सुपातली पुढची शेंग उचलली.

"बाकीच्या आया मुली पाठवायच्या बंद करतील, सिस्टर," नातालीन म्हणाली.

"आयांचं मी विचारलं नाही. तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही."

"राग?"

"नाही."

"माया?"

नातालीनने पुस्तिका उचलली, कागद बाकावर आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या.

"सिस्टर, बारा वर्षं झटले मी. हे सगळं मनातून काढलं. राग काढला, ओढ काढली, माणसंही काढली. सोपं नव्हतं ते." तिचा आवाज जरा चढला होता. "आता तिथे कोणी येत नाही. फक्त देव असतो."

सिस्टरांचे हात थांबले.

"एकटाच?"

"एकटाच."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

"मग त्याला करमतं का गं तिथे?"