टोपड्यावरचा डाग

“आता शेवंताला विचारायचं तरी काय राहिलंय, नाना?”

मी निकालाचा कागद पुढे केला. नानांनी घेतला नाही. त्यांचे हात काळे होते. अंगणातल्या विस्तवात भाजलेले काजू ते दगडावर फोडत बसले होते.

नाना गुरव. आमच्या भागातल्या काजू कारखान्यांतले तंटे चाळीस वर्षं त्यांनी सोडवले. यंदा मालकांनी आणि कामगार बायकांच्या संघटनेने मिळून लवाद म्हणून माझं नाव दिलं, ते मी शिकलेली म्हणून. शिकल्याने एक होतं, कागद फार लवकर लिहून होतो. तो नानांना फक्त दाखवायचा होता. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती. त्यासाठी सहा महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन उन्हातून आले होते.

“शेवंता किती वर्षं आहे कामावर?”

“एकोणीस.”

“आणि निकाल?”

“कामावरून कमी. डाग पडलेले गर तिच्याच ट्रेमध्ये सापडले. अख्खा माल परत आला. ट्रेवर तिचा नंबर, दोघी साक्षीला. ती नाकारतसुद्धा नाही.”

“तिला विचारलंस?”

“गप्प उभी होती ना समोर!”

“उभी?”

“...खुर्च्या तीनच होत्या.”

नानांनी एक भाजलेला काजू माझ्याकडे सरकवला.

“फोड.”

फोडला. दुसरा फोडला. टरफलाच्या तेलाने बोटं काळी झाली. इतक्यात चटईवर झोपलेलं बाळ किंचाळून उठलं. विंचू, साप, काय काय मनात आलं. असलं मनात यायला मला वेळ लागत नाही. झडप घालून उचललं त्याला.

मुंगी होती. एक.

“टोपडं बघ,” नाना म्हणाले.

पांढऱ्या टोपड्यावर पाच काळी बोटं.

“कुणाची?”

“माझी.”

“साक्षीला मी. नाकारतेस?”

“नाही, पण...”

“झालं तर. लिही निकाल. आई बेफिकीर, लेकरू सांभाळायला नालायक.”

“नाना, ऐका तरी! तो ओरडला, हात पुसायला वेळच...”

आणि मी थांबले.

बाळ हुंदके देत होतं. नाना खाली मान घालून टरफलं गोळा करत राहिले. त्या क्षणी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याचेही मी उपकार मानते.

कागद मी विस्तवात टाकला. वाकून नमस्कार केला.

“वाचवलंत, नाना.”

कुणाला, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

ते टोपडं अजून माझ्याकडे आहे. डाग गेलेला नाही. मीही फार घासलेलं नाही.

पण त्या दिवशी निघताना पाय अडखळलाच.

“नाना... सगळं ऐकून घेतलं, आणि तरीही चूक तिचीच निघाली तर?”

नानांनी एक अख्खा गर धोतराला पुसून माझ्या तळहातावर ठेवला.

“निघू दे गो. तू चौथी खुर्ची मांड... आणि तिचं बोलून होईपर्यंत पेनाचं टोपण काढू नको.”