शीतपर्णीच्या फुलावरचा डाग

पूर्वी त्रेतायुगात, ज्वालाक्ष असुराने सोडलेला दाहज्वर गावेच्या गावे ओस पाडीत असता, श्यामतोया नदीच्या तीरी, जेथे होमधूमाने तरुपल्लवही सुगंधित झाले होते, शौभ्रायण ऋषी त्या ज्वरावर औषधी शोधीत होते. शीतपर्णीच्या मुळाने ज्वर उतरतो, हे त्यांनी सिद्ध केले. मात्र झाड बहरात असता उपटलेले मूळ पाजताच आश्रमातील हरिणी तडफडून मेल्या, हेही त्यांनी पाहिले होते. संहिता पूर्ण करून देवसभेत गाईपर्यंत यातले काहीच कोणास सांगायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. झाकली मूठ सव्वा लाखाची! ऋषी झाला तरी मूठ सुटत नाही.

पैलतीरी त्यांची गुरुभगिनी, तपस्विनी विशोका, रुग्णांची शुश्रूषा करी. ती नावेतून येऊन म्हणाली, "गुरुबंधो, माणसे मरत आहेत. आपण जे जे पाहिले, ते सारे मला द्या."

सारे दिले तर संहिता हीच आधी गाईल, असे ऋषींच्या मनात आले. ते गंभीर स्वराने उद्गारले, "विशोके, शीतपर्णीचे मूळ उगाळून पाज. ज्वर उतरेल."

"आणखी काही सांगायचे राहिले?"

"नाही."

ती निघाली. पैलतीर शीतपर्णीच्या शुभ्र फुलांनी भरून गेला होता. ते पाहून ऋषींनी हाक मारण्यास तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

नवे औषध रुग्णास देण्यापूर्वी स्वतः घ्यावे, असा विशोकेचा नेम होता. सायंकाळी नाविक रडत आला, तसे शौभ्रायण त्याच्या नावेत जाऊन बसले. त्यांना सारे ठाऊक होते.

ते तिच्या देहाजवळ बसले असता वैद्यराज अश्विनीकुमार प्रकटले. "मुने, तुझ्या शोधाने आम्ही प्रसन्न आहोत. वर माग."

"विशोकेला उठवा, देवहो! मी तिला मारले."

"वनस्पतीच्या विषाला आमच्याजवळ उतारा आहे. तुझ्या मौनाला नाही."

ऋषींनी भूमीवर मस्तक टेकले. "तर माझे पाप असे उघडे करा, की ते कोणाला माझ्याकडे विचारायला यावे लागू नये."

"तथास्तु!" असे देव म्हणताच प्रत्येक शुभ्र पाकळीवर काळा डाग उमटला.

शौभ्रायणांनी सावलीतली, न बहरलेली झाडे शोधून रुग्ण वाचवले. संहिता त्यांनी देवसभेत नव्हे, नदीकाठी येईल त्याला ऐकवली, आणि तिचा आरंभ मंगलाचरणाने नव्हे, मेलेल्या हरिणींनी व विशोकेच्या नावाने केला. तेव्हापासून शीतपर्णीचे फूल डागाळलेलेच उमलते. लोक त्या डागाला विशोकेची खूण म्हणत, आणि ते ऐकून म्हातारे ऋषी दरवर्षी बहरात सांगत, "नाही रे, तो डाग माझा आहे."