टिचकी कुर्ली आणि खोल पाण्यातला नांगर

एक होती कुर्ली, म्हणजे खेकडी. केवढी? करंगळीच्या नखाएवढी. तिचं नाव टिचकी.

टिचकी सरळ चालायची का? छे! कुर्ली कधी सरळ चालते का? ती चालायची तिरकी. तुरु तुरु, तुरु तुरु.

किनाऱ्यावर तिचं घर होतं. वाळूतलं बीळ. बिळात आई. समुद्राला भरती आली, की आई दार लावायची. वाळूचा गोळा करायची आणि बिळाच्या तोंडात बसवायची. घट्ट! मग वर पाणी, आत टिचकी. आईच्या कुशीत.

एके सकाळी काय झालं? वाळूवर एक टोपली होती. टोपलीत फडकं होतं. ऊन ऊन, मऊ मऊ. टिचकी आत शिरली. जरा बसली. जरा लवंडली. आणि ढाराढूर झोपली.

जागी झाली, तर काय! वाळू नाही. बीळ नाही. आई नाही. इकडे पाणी, तिकडे पाणी. टिचकी होडीत होती!

होडी होती सगुणतात्यांची. टोपली होती सुंदराकाकीची. दोघं मासे धरायला आली होती. लांब लांब, खोल खोल पाण्यात. मासे धरून झाले होते. जाळं भरलं होतं. पण होडी काही घरी जाईना.

टिचकी होडीच्या काठावर चढली. तिने किनारा बघितला. किनारा सुतळीएवढा दिसत होता. तिथे कुठेतरी आई होती. टिचकीला आईची फार फार आठवण आली.

दुपार कलली होती. आता भरती येणार. आई दार लावणार. दार लागायच्या आत घरी जायला हवं!

टिचकी गेली होडीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"होडीताई, होडीताई, हल ना.
मी घरी जाऊ कशी?"

होडी डुलली. डुबुक डुबुक.

"मलाही जायचंय गं," होडी म्हणाली. "मलाही वाळूवर पाठ टेकायचीय. पण नांगराने मला धरून ठेवलंय. नांगर निघेल, तर मी हलेन."

टिचकीने वळून बघितलं. किनारा लांबच. आई दिसेना.

नांगर कुठे होता? पाण्याखाली. खाली, खाली, अगदी तळाला. तिथे कुर्लीची हाक कशी पोचणार? टिचकी हुशार! तिने नांगराच्या दोरावर डेंगा, म्हणजे आपली नांगी, वाजवला. टिक टिक टिक.

"नांगरदादा, नांगरदादा, निघ ना.
होडी हलेना.
मी घरी जाऊ कशी?"

खालून बुडबुडे आले. गुड गुड गुड.

"मलाही यायचंय गं," नांगर म्हणाला. "इथे काळोख. इथे गार. मलाही ऊन बघायचंय. पण माझे दात दगडात अडकलेत. दोर ताणेल, तर मी निघेन."

टिचकीने वळून बघितलं. किनारा लांबच. आई दिसेना.

टिचकी गेली दोराकडे. लांब जायलाच नको. ती दोरावरच तर बसली होती!

"दोरमामा, दोरमामा, ताण ना.
नांगर निघेना,
होडी हलेना.
मी घरी जाऊ कशी?"

दोर झुलला. झुलूक झुलूक.

"मलाही ताणायचंय गं," दोर म्हणाला. "नुसतं लोंबून लोंबून कंटाळलो. पण मला धरणारं कोणी नाही. तात्या उठतील, तर मी ताणेन."

टिचकीने वळून बघितलं. किनारा लांबच. आई दिसेना.

टिचकी गेली तात्यांकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

तात्या आडवे झाले होते. डोक्याखाली उशी होती. मोठ्ठी, गोल, केशरी उशी. डोळे मिटलेले होते. घुर्र घुर्र! घुर्र घुर्र!

"तात्या, तात्या, उठा ना.
दोर ताणेना,
नांगर निघेना,
होडी हलेना.
मी घरी जाऊ कशी?"

तात्यांनी एक डोळा उघडला.

"अगो बाय," तात्या म्हणाले, "पाणी कितक्या खोल! ओढून ओढून माझे हात मोडले. नांगर काय हलाक तयार नाय. माकाव घराक जावचा असा. पण आता वायच पडतंय. दुसऱ्या कोणाक तरी ओढूक सांग. बोया ओढीत, तर मी उठतलंय."

डोळा मिटला. घुर्र घुर्र!

बोया? बोया म्हणजे कोण? टिचकीने इकडे शोधलं. टिचकीने तिकडे शोधलं. बोया कुठेच नाही. तेवढ्यात तात्यांच्या डोक्याखालून आवाज आला. बुम बुम! बुम बुम!

"अगं, मीच बोया!" उशी म्हणाली.

बघा आता! ती उशी नव्हतीच. तो होता बोया. पाण्यावर तरंगणारा मोठा फुगा. त्याला होती लोखंडाची कडी. खोल पाण्यातला नांगर वर काढायचा, म्हणून काकीने तो मुद्दाम आणला होता. आणि तात्यांनी त्याची केली उशी!

"बोयाभाऊ, बोयाभाऊ, तरंग ना.
तात्या उठेनात,
दोर ताणेना,
नांगर निघेना,
होडी हलेना.
मी घरी जाऊ कशी?"

"मलाही तरंगायचंय गं," बोया म्हणाला. "आल्यापासून मी पाण्याला शिवलोसुद्धा नाही. माझी कडी दोरात अडकवा. मला पाण्यात टाका. आणि होडीला म्हणावं, पळ. होडी पळेल, की दोर माझ्या कडीतून सरकेल. सर सर सर! आणि नांगर माझ्याकडे वर येईल. पण होडी पुढे पळायला हवी. पुढे, समुद्राकडे. होडी पळेल, तर मी तरंगेन."

पुढे? टिचकीने वळून बघितलं. घर तर मागे होतं. किनारा लांबच. आई दिसेना.

टिचकी पुन्हा गेली होडीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"होडीताई, होडीताई, पळ ना.
बोया तरंगेना,
तात्या उठेनात,
दोर ताणेना,
नांगर निघेना,
होडी हलेना.
मी घरी जाऊ कशी?"

"अगं, होडी म्हणजे मीच की!" होडी म्हणाली. "आणि मी काय आपली आपण पळते? काकी मशीन लावेल, तर मी पळेन."

आता राहिली कोण? सुंदराकाकी. काकी होडीच्या टोकाला बसली होती. तीही किनाऱ्याकडेच बघत होती. तिचं घर त्याच किनाऱ्यावर होतं.

टिचकी गेली काकीकडे. तुरु तुरु... तुरु... तुरु. तिचे पाय दमले होते.

"काकी, काकी, मशीन लाव ना.
होडी पळेना,
बोया तरंगेना,
तात्या उठेनात,
दोर ताणेना,
नांगर निघेना,
होडी हलेना.
मी घरी जाऊ कशी?"

काकीने टिचकीला तळहातावर घेतलं.

"अगो माझ्या बाय!" काकी म्हणाली. "इतक्या जणांकडे गेलंस? मी लावतंय मशीन. पण होडी पुढे जातली. घर आणखी लांब जातला. मगे तू रडशीत काय गो?"

टिचकीने वळून बघितलं. किनारा सुतळीएवढा होता. आणखी लांब गेलो, तर दिसणारसुद्धा नाही.

"रडेन," टिचकी म्हणाली. "पण चल."

मग काय! काकी उठली. तिने पदर खोचला. तात्यांच्या डोक्याखालचा बोया खस्सकन ओढला. डोकं आपटलं. ढब्! तरी तात्या घुर्र घुर्रच.

काकीने बोयाची कडी दोरात अडकवली. खट्! बोया पाण्यात टाकला. धप्प!

काकीने मशीन लावली. टक टक टक टक!

मशीन लावली, तर होडी पळाली. पुढे पुढे, समुद्राकडे. किनारा झाला दोऱ्याएवढा. मग केसाएवढा. मग दिसेनासाच झाला. टिचकी रडली. खूप रडली. पण "थांब" म्हणाली नाही.

होडी पळाली, तर बोया तरंगला. बुम बुम बुम!

बोया तरंगला, तर तात्या उठले. "अरे! माझी उशी खंय गेली?" उशी पाण्यावर नाचत होती. तात्यांनी धावत जाऊन दोर होडीला पक्का बांधला.

तात्या उठले, तर दोर ताणला. सर सर सर! सर सर सर! दोर कडीतून पळत सुटला.

दोर ताणला, तर नांगर निघाला. दगडातून दात सुटले. कट्ट! खालून बुडबुडे आले. गुड गुड गुड! आणि बोयाच्या खाली कोण आलं? काळा, ओला, चिखलाने माखलेला नांगर! त्याच्या अंगावर ऊन पडलं. किती वेळाने! नांगर नुसता चकाकत राहिला.

नांगर निघाला, तर होडी वळली. वळली गं बाई, वळली! घराकडे तोंड केलं. वाटेत बोया भेटला, बोयाला लटकलेला नांगर भेटला. तात्यांनी दोर ओढला. अलगद! दोघं होडीत.

"अगो, वजनच लागाक नाय!" तात्या म्हणाले.

"लागतला कसा?" काकी म्हणाली. "उशी चांगली होती मां?"

तात्या डोकं चोळत हसले. होडी निघाली घरी. डुबुक डुबुक, टक टक टक.

किनारा झाला केसाएवढा. मग दोऱ्याएवढा. मग सुतळीएवढा. मग दिसली वाळू. पण अगं बाई, भरती आली होती! पाणी वाळूवर चढत होतं. सळळ... सळळ...

होडी वाळूला लागली. खस्स! काकीने टिचकीला खाली ठेवलं. टिचकी धावली. तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु!

हे बीळ कुणाचं? दार लागलेलं. ते बीळ कुणाचं? दार लागलेलं. पलीकडचंही लागलेलं. सगळी वाळू सपाट. सगळ्या कुर्ल्या आपापल्या घरात. मागून पाणी आलं. सळळ!

"आई!" टिचकी ओरडली. "आई गं!"

एक बीळ उघडं होतं. एकच.

त्याच्या दारात आई उभी होती. डेंग्यात वाळूचा गोळा होता. पाणी आईच्या पायांना लागत होतं. सगळ्यांनी दारं लावली होती. आईने लावलं नव्हतं.

"आलीस?" आई म्हणाली.

"आले," टिचकी म्हणाली.

आईने तिला आत ओढलं. गोळा दारात बसवला. घट्ट! वरून पाणी गेलं. सळळ... सळळ... आत काही आलं नाही.

"कुठे होतीस गं इतका वेळ?" आईने विचारलं.

टिचकी कुशीत शिरली. सांगायला लागली, "काकीने मशीन लावली. होडी पळाली. बोया तरंगला. तात्या..."

पुढचं आईला कळलंच नाही. टिचकी झोपून गेली होती. आई मात्र बराच वेळ जागी राहिली. टिचकीचा चिमुकला डेंगा तिने धरून ठेवला होता.

गोष्ट लागली किनाऱ्याला, आता तुम्ही लागा झोपायला.